ताडपत्री मारू की काढू? शिंगराचा हिवाळा आणि तबेल्यांचा इतिहास

गेल्या वर्षी दत्तजयंतीनंतर चार-पाच दिवसांनी मामांचा फोन आला. सारंगखेड्याच्या यात्रेतून त्यांनी सात महिन्यांचं शिंगरू आणलं होतं. मादी, तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिळा. आईपासून नुकतीच तोडलेली. शहाद्याकडे डिसेंबरात रात्री चांगलाच गारठा पडतो, त्यामुळे मामांनी गोठ्याला चारही बाजूंनी ताडपत्री मारली होती आणि उरलेल्या फटींत गोणपाट कोंबलं होतं.

"आत कसं उबदार झालंय बघ," मामा म्हणाले. "पण दोन दिवसांपासून खोकतंय गं ते. बाहेर बांधू का? तुझी मामी म्हणते, या थंडीत बाहेर काढलं तर मरेल. तू घोड्यांवर पीएच.डी. करतेस ना, सांग आता."

मी म्हटलं, "मामा, मी घोड्यांची डॉक्टर नाही हो, इतिहासाची विद्यार्थिनी आहे. तुम्ही आधी पशुवैद्यांना बोलवा."

"त्यांना सांगितलंय, उद्या येतील. तुझ्या पुस्तकांत काय लिहिलंय ते सांग."

घरातल्या कुणी माझ्या संशोधनाबद्दल खरा प्रश्न विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. फोनवर मी जे सांगितलं ते अर्धवट होतं. ही पोस्ट म्हणजे त्याच फोनचं लांबलेलं उत्तर.

आधी थोडं माझ्या कामाबद्दल, नव्या वाचकांसाठी. माझा प्रबंध अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी तबेल्यांवर आहे. घोडे कुठे बांधायचे, छत किती उंच, खिडक्या किती, जमीन कशाची, हे कुणी आणि कशाच्या आधारावर ठरवलं, हा माझा प्रश्न. ऐकायला विषय कोरडा वाटतो, मान्य आहे. पण मामांनी फोनवर जे विचारलं, नेमकं त्याच प्रश्नावर युरोपातल्या लष्करांनी शंभर वर्षं घालवली आणि त्यात हजारो घोडे गेले.

'किशोर' म्हणजे कोण?

सुरुवात जरा लांबून करते. 'किशोर' म्हटलं की आपल्याला मासिक आठवतं, किंवा शाळेतला किशोरवयीन मुलगा. संस्कृतमध्ये हा शब्द मुळात घोड्याच्या पिलासाठी वापरतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षावर एक प्रकरण आहे, त्यात हा 'किशोर' भेटतो.

तिथे पागेचा जवळजवळ नकाशाच दिलाय. रुंदी घोड्याच्या लांबीच्या दुप्पट. चार दारं. मध्ये घोड्यांना लोळायला मोकळी जागा. प्रत्येक घोड्याचं ठाण पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून, खाली गुळगुळीत फळ्या, खाण्याची सोय वेगळी, मूत आणि लीद बाहेर जायला वाट वेगळी. पागेत माकडं, मोर, मुंगूस, पोपट, साळुंक्या असाव्यात असंही म्हटलंय. आणि पुढे एक छोटंसं वाक्य येतं : घोड्या, वळू घोडे आणि किशोर यांना वेगवेगळं ठेवावं.

किशोराचा खुराकही दिलाय. जन्मानंतर दहा दिवसांनी सातूचं पीठ, थोडं तूप आणि दूध, हे सहा महिन्यांपर्यंत. मग जव सुरू, आणि महिन्यामहिन्याने वाढवत तीन वर्षांपर्यंत. चौथ्या वर्षापर्यंत आणखी जास्त. चार किंवा पाच वर्षांचा झाला की तो पूर्ण वाढलेला आणि कामाला योग्य समजायचा.

हे प्रत्यक्षात किती पाळलं जायचं हा वेगळा मुद्दा. अर्थशास्त्र हा 'असं असावं' सांगणारा ग्रंथ आहे, 'असं होतं' सांगणारा नाही, हे माझ्या मार्गदर्शकांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की आता झोपेतही आठवतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे : कौटिल्याच्या हिशोबात पिलू हा स्वतंत्र रकाना आहे. त्याची जागा वेगळी, त्याचा खुराक वेगळा.

ग्रीसमध्ये इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफनने घोडेस्वारीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. तबेल्याबद्दल त्याची मुख्य काळजी थंडी नव्हे, ओल आहे. ओलसर आणि गुळगुळीत जमिनीवर चांगले खूरही खराब होतात, म्हणून जमिनीला उतार हवा आणि खुराच्या मापाचे दगड बसवलेले हवेत, असं तो सांगतो. तबेला अशा जागी असावा की मालकाच्या नजरेला घोडा वरचेवर पडेल, हेही सांगतो. दोघांनाही जमीन, निचरा आणि देखरेख महत्त्वाची वाटते. ऊब कुणीच मागत नाही. अर्थात दोघेही उबदार मुलखातले होते, हे विसरून चालणार नाही.

बंद दार, चकचकीत अंग

आता इंग्लंडमध्ये येऊ. तिथला हिवाळा ओला आणि लांब. अठराव्या शतकाच्या शेवटी चांगला तबेला म्हणजे गरम तबेला, असा पक्का समज होता. मोतद्दार रात्री दार लावून घ्यायचे, खिडक्या बंद, भोकं बुजवलेली. सकाळी दार उघडलं की आतून वाफ आणि डोळ्यांत पाणी आणणारा उग्र वास बाहेर यायचा. हा वास अमोनियाचा, साठलेल्या मुताचा.

असं का करत? एक कारण साधं : माणसाला थंडी वाजते, म्हणून घोड्यालाही वाजत असणार. पण दुसरं कारण जास्त रंजक आहे. गरम तबेल्यात घोड्याच्या अंगावर हिवाळ्याचा जाड केसाळ कोट नीट येत नाही, केस आखूड आणि चमकदार राहतात. मोतद्दाराची कामगिरी त्या चकाकीवर ठरायची. मालक सकाळी येऊन घोड्याच्या पाठीवरून हात फिरवणार, फुफ्फुसात थोडाच डोकावणार?

१८३१ मध्ये विल्यम यूअटचं 'द हॉर्स' हे पुस्तक आलं. सामान्य वाचकांसाठी लिहिलेलं, आणि खूप खपलेलं. तबेल्याच्या गरम, कुबट हवेवर त्यात चांगलाच राग काढलाय. हिवाळ्यात तबेल्याचं तापमान ४०-५० अंश फॅरनहाइटच्या खाली जाऊ नये, एवढं पुरे, असा त्याचा हिशोब. सेल्सियसमध्ये सांगायचं तर साधारण ५ ते १० अंश. म्हणजे शहाद्याच्या थंडीतल्या रात्रीइतकंच! हा आकडा मी मामांना सांगितला तेव्हा पलीकडे जरा वेळ शांतता होती.

त्या काळच्या इंग्रजी पशुवैद्यकाच्या पुस्तकांत आणखी एक तक्रार वारंवार येते. कुरणातून पहिल्यांदाच तबेल्यात आणलेले कोवळे घोडे आजारी पडतात. खोकला, सुजलेला घसा, ताप. बाहेर पाऊस-वाऱ्यात धडधाकट असलेलं जनावर आत उबेत आणल्यावर खोकायला लागतं, हे लोकांना दिसत होतं. पण बरेच जण त्याचा अर्थ 'अजून सवय नाही' असा लावायचे आणि दार आणखी घट्ट लावायचे.

गुदमरण्याचा अभ्यास करणारा माणूस

इथे माझ्या प्रबंधातलं एक मुख्य पात्र येतं : एडवर्ड कोलमन. हा शिकलेला माणसांचा सर्जन. बुडून, गळफासाने किंवा कोंडून श्वास थांबतो तेव्हा शरीरात नेमकं काय होतं, यावर त्याने १७९१ मध्ये प्रबंध छापला होता. त्याच वर्षी लंडनमध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघालं. तिथले पहिले प्राध्यापक सँबेल १७९३ मध्ये वारले आणि त्यांच्या जागी कोलमन आला. सुरुवातीला त्याच्या जोडीला विल्यम मूरक्रॉफ्ट होता, पण त्याने थोड्याच दिवसांत ते पद सोडलं. (हाच मूरक्रॉफ्ट पुढे १८०८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या बिहारमधल्या पुसा इथल्या घोडे-पैदास केंद्रावर आला, आणि चांगल्या घोड्यांच्या शोधात थेट बुखाऱ्यापर्यंत गेला. त्याच्यावर वेगळी पोस्ट लिहायची आहे, आत्ता मोह आवरते.)

१७९६ पासून ब्रिटिश घोडदळाचं पशुवैद्यकीय काम कोलमनच्या हाती आलं. गुदमरण्याचा अभ्यास केलेला माणूस बंद तबेल्यात शिरल्यावर त्याला काय दिसणार? त्याने छावण्यांच्या तबेल्यांत हवा खेळती राहील अशी भोकं आणि झरोके करायला लावले. घोडदळाचे अधिकारी आणि मोतद्दार खूश नव्हते, हे सांगायला नको.

कोलमन आपल्या बाजूने एक गोष्ट सांगत असे. १७९५ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर किबरोंची मोहीम निघाली. घोडे जहाजांच्या पोटात होते. मध्येच डेकवरची झाकणं बंद करावी लागली, तीही काही तासच. काही घोडे तिथेच गुदमरून मेले. जे वाचले ते उतरवले तेव्हा एकूण एक घोड्याला ग्लँडर्स किंवा त्याचाच भाऊ असलेला फार्सी झालेला होता. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी, आणि बहुतेक वेळा मरण. कोलमनचा निष्कर्ष : कोंडलेली घाण हवाच हा रोग निर्माण करते.

इथे कोलमन चुकला. ग्लँडर्स हा जिवाणूचा रोग आहे. लोफलर आणि श्युट्झ यांनी तो जिवाणू १८८२ मध्ये वेगळा करून दाखवला. जहाजावर आधीपासूनच एखादा रोगी घोडा असणार आणि त्या कोंदट, दाटीवाटीच्या जागेत त्याने सगळ्यांना प्रसाद दिला असणार. म्हणजे कोलमनचं कारण चुकीचं होतं, पण त्याने सांगितलेला उपाय बरोबर होता. मोकळी हवा आणि मोकळी जागा यांनी रोग कमी होतो, कारण संसर्ग कमी होतो आणि फुफ्फुसं शाबूत राहतात.

या चुकीची किंमतही मोठी होती. 'हवा खराब म्हणून रोग होतो' असं मानल्यावर 'रोगी घोडा वेगळा बांधा' यावर जोर राहत नाही. इतिहासात चुकीच्या कारणासाठी बरोबर काम करणारी माणसं बरीच भेटतात, पण ती अर्धंच काम करतात. उरलेलं अर्धं काम कारण नीट कळेपर्यंत होत नाही.

फ्रेंच आकडे

झरोक्यांनी खरंच फरक पडला का? मला सगळ्यात जास्त वापरावे लागलेले आकडे फ्रान्सचे आहेत. एडमंड पार्क्स या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने आरोग्यशास्त्रावर १८६४ मध्ये पाठ्यपुस्तक लिहिलं, त्याच्या आवृत्त्यांमध्ये हे आकडे येतात.

१८३६ च्या आधी फ्रेंच घोडदळात दर हजार घोड्यांमागे वर्षाला १८० ते १९७ घोडे मरायचे. युद्धात नव्हे हं, तबेल्यात! म्हणजे पाच-साडेपाच घोड्यांत एक, दरवर्षी. मग तबेले मोठे केले, प्रत्येक घोड्याच्या वाट्याची हवा वाढवली. पुढच्या दहा वर्षांत हा आकडा हजारी ६८ वर आला. १८६० च्या दशकात तो ३० च्या खाली गेला.

आणखी एक प्रसंग १८५९ च्या इटलीतल्या युद्धाचा. मुलँ नावाच्या फ्रेंच मुख्य पशुवैद्याने १०,००० घोडे कित्येक महिने बंद तबेल्यांऐवजी उघड्या छपरांखाली ठेवले. आजारी घोडे जवळजवळ नाहीतच, आणि ग्लँडर्सचा रोगी फक्त एक.

इथे मी थोडी सावध होते. लष्करात एका वेळी दहा गोष्टी बदलत असतात : चारा, काम, घोड्यांची खरेदी, रोगी जनावरं मारून टाकण्याचे नियम. सगळं श्रेय हवेला देणं घाईचं होईल. पण इतकी मोठी घसरण, तीही त्याच दिशेने, आणि इंग्लंडमध्येही तेच चित्र! पार्क्सच्याच पुस्तकात ब्रिटिश घोडदळाचा मृत्युदर हजारी २० पर्यंत उतरल्याचं दिलंय, आणि त्यातलेही निम्मे अपघात व असाध्य रोगांचे. हे सगळं योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

गंमत म्हणजे, पार्क्सला घोड्यांमध्ये रस नव्हता. तो हे आकडे सैनिकांच्या बराकींसाठी वापरत होता. घोड्यांना मोकळी हवा दिली तर ते जगतात, मग माणसांना का कोंडता, हा त्याचा युक्तिवाद. घोडा विकत आणावा लागतो, शिपाई भरती होऊन येतो, हा हिशोब त्यामागे असेल का? माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण याच प्रश्नावर अडकून बसलंय.

पण यात शिंगरू कुठे आहे?

मामांशी बोलताना मी इथपर्यंत आले आणि थांबले. कारण एक गोष्ट अचानक लक्षात आली. हे सगळे आकडे मोठ्या घोड्यांचे आहेत. लष्कर घोडा घ्यायचं तो साधारण तीन-चार वर्षांचा झाल्यावर. त्याआधीचे त्याचे हिवाळे कुठल्यातरी शेतकऱ्याच्या आवारात गेलेले. त्या हिवाळ्यांत किती पिलं मेली, किती खोकली, कुणी आत बांधली, कुणी बाहेर सोडली, याची नोंद रेजिमेंटच्या वहीत येणारच नाही. वही सुरू होते तेव्हा जगलेला घोडाच समोर असतो.

कौटिल्याच्या यादीत किशोराला रकाना होता. माझ्या लष्करी कागदांत नाही. चार वर्षं मी हे कागद वाचतेय आणि ही पोकळी मला माझ्या मामांच्या फोनमुळे दिसली, हे कबूल करायला थोडी लाज वाटते.

म्हणून पिलांबद्दल बोलायचं तर अलीकडच्या अभ्यासांकडे यावं लागतं. माझा हा प्रांत नाही, पण तीन गोष्टी वाचून समजल्या त्या सांगते.

पहिली, थंडीची. नुकतं जन्मलेलं पिलू थंडीला खरंच नाजूक असतं, त्याला ऊब लागतेच. पण सहा-सात महिन्यांच्या, अंगावर हिवाळी केस आलेल्या शिंगराचं तसं नाही. घोड्याच्या आतड्यात चारा आंबतो आणि त्यातून उष्णता तयार होते, म्हणजे पोटातच शेगडी. कॅनडातल्या सस्कॅचेवानसारख्या ठिकाणी, जिथे पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो, तिथे थंड शेडमध्ये ठेवलेल्या शिंगरांवर १९९० च्या आसपास अभ्यास झाले. पिलं वाढली. फक्त उबदार शेडमधल्या पिलांइतकं वाढायला त्यांना जास्त खाणं लागलं. थोडक्यात, ताडपत्रीवर खर्च करायचा की चाऱ्यावर, असा तो हिशोब आहे. मात्र पाऊस आणि वारा एकत्र आले तर गोष्ट बदलते. ओले केस ऊब धरत नाहीत.

दुसरी गोष्ट हाडांची. आपल्याकडची जुनी कोड्याची ओळ आठवते ना? घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? तिन्हींचं उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. अमेरिकेत मिशिगनमध्ये आईपासून तोडलेल्या अरबी शिंगरांवर एक प्रयोग झाला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही पिलं पूर्ण वेळ ठाणात, काही पूर्ण वेळ कुरणात, काही दिवसाचे बारा तास कुरणात. ठाणातच राहिलेल्या पिलांच्या पायाच्या हाडातली खनिजं मागे पडली. बारा तास बाहेर असलेल्यांचं तसं झालं नाही. ज्या वयात हाड बनतं, त्या वयात बांधून ठेवलं तर हाड कच्चं राहतं. कोडं रचणाऱ्याला खनिजं माहीत नव्हती, पण घोडा माहीत होता.

तिसरी गोष्ट मनाची. इंग्लंडमध्ये २२५ कोवळ्या घोड्यांवर चार वर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास २००२ मध्ये आला. आईपासून तोडल्यावर तबेल्यात कोंडलेल्या पिलांमध्ये लाकूड चावत बसणं, तीच ती हालचाल करत राहणं अशा सवयी जास्त दिसल्या. कुरणात सोडलेल्यांमध्ये कमी. घोडा हा कळपातला प्राणी आहे. सात महिन्यांच्या पिलाची आई गेली, वर त्याला एकट्याला अंधाऱ्या जागेत ठेवलं, तर काय होणार?

आपला अवघड ऋतू

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडे घोड्यांचा खरा अवघड ऋतू हिवाळा नव्हताच, पावसाळा होता. मोहिमा दसऱ्याला निघायच्या आणि पावसाळ्यात घोडी छावणीला यायची. त्या मुक्कामाबद्दलचा आपल्याकडचा सर्वांत प्रसिद्ध कागद म्हणजे १६७० च्या दशकात, मे महिन्यात, शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना गेलेलं पत्र. 'रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नका' म्हणून आपण ते पत्र ओळखतो, आणि ते बरोबरच आहे. पण मी ते तबेल्याचा कागद म्हणूनही वाचते.

पत्राचा रोख असा : दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरायला हवी. आत्ता आहे म्हणून वाटेल तशी उधळली, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही रयतेला त्रास द्यायला लागाल. त्यानंतर आगीची सूचना येते. कुणी चुली पेटवेल, कुणी तंबाखू ओढायला विस्तव आणेल, रात्री दिवा तसाच राहील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल. गवताच्या गंजीला आग लागली की सगळं संपलं.

या पत्रात घोड्याला थंडी वाजेल, पाऊस लागेल अशी चिंता नाही. चिंता आहे ती दोन गोष्टींची : चारा संपण्याची आणि घोडी ज्या आडोशाला बांधली त्याच आडोशाच्या आगीची. जनावर आत घेतलं की धोका संपत नाही, त्याची जात बदलते. बाहेर वारा असतो, आत आग, अमोनिया आणि संसर्ग. आणि दोन्हीकडे चारा लागतोच. शंभर वर्षांनंतर युरोपात सगळे उबेवर भांडत होते, त्याआधी इथे कुणीतरी उंदराचा विचार करत होतं!

मग मामांना काय सांगितलं?

फोनवर मी एवढंच म्हटलं : "मामा, वरची ताडपत्री काढा. वारा येतो त्या बाजूची राहू द्या. गोठ्यात सकाळी शिरल्यावर तुमच्या डोळ्यांना झोंबलं, तर तिच्याही डोळ्यांना झोंबतंय."

"म्हणजे गार पडू द्यायचं?"

"गार चालेल, ओलं नको. आणि दिवसा बांधून ठेवू नका."

मामी मागून काहीतरी बोलल्या, ते मला नीट ऐकू आलं नाही. बहुतेक माझ्या शिक्षणाबद्दल असावं.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्य आले. त्यांनी तपासून औषध दिलं आणि ताडपत्रीबद्दल साधारण तेच सांगितलं, त्यामुळे माझी अब्रू वाचली. त्यांनी एक गोष्ट वाढवली, जी माझ्या कुठल्याच कागदात नव्हती : यात्रेतून आणलेलं जनावर सुरुवातीचे काही दिवस इतर घोड्यांपासून लांब ठेवा, कारण तिथे शेकडो घोडी एकत्र येतात. कोलमनला जे उमगलं नव्हतं, ते त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. मामांकडे दुसरा घोडा नाही, त्यामुळे अडचण नव्हती. पण एकटं ठेवायचं नाही म्हणून शेजारी म्हशीचं पारडू बांधलं. खोकला गेला. औषधाने, हवेने की वयाने, ते मी सांगू शकत नाही. एका शिंगरावरून निष्कर्ष काढला तर माझे मार्गदर्शक मला ताडपत्रीत गुंडाळतील.

मला या सगळ्यातून मिळालं ते वेगळंच. मामांनी फटींत गोणपाट कोंबलं ते मायेने. अठराव्या शतकातल्या मोतद्दाराने भोकं बुजवली त्यात चकाकीचा हव्यास होता, पण थोडी मायाही असणार. आपल्याला थंडी वाजते म्हणून आपण दुसऱ्यावर पांघरूण घालतो. ही वाईट गोष्ट नाही. फक्त ते पांघरूण त्याला हवंय का, हे त्याच्याकडे बघून ठरवावं लागतं, आणि ते बघायला लष्करांना शंभर वर्षं लागली.

आता तुमच्याकडून एक मदत हवी आहे. कोवळ्या घोड्यांच्या हिवाळ्याची नोंद सरकारी वह्यांत नाही, तर ती घरांत असणार. तुमच्या घरी टांगा होता का? आजोबांनी शिंगरं वाढवली का? यात्रेतून पिलू आणल्यावर पहिला हिवाळा ते कुठे बांधायचे, काय खायला घालायचे, पाठीवर झूल टाकायचे का, रात्री शेजारी कोण झोपायचं? आठवत असेल तेवढं खाली लिहा, चार ओळी असल्या तरी चालतील. प्रबंधात वापरायचं झालं तर आधी तुम्हाला विचारीन.

मामांचं शिंगरू आता दीड वर्षाचं झालंय. यंदा थंडी सुरू झाल्यावर त्यांचा पुन्हा फोन आला. ताडपत्री घडी करून ठेवलीय म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, "बरं, हिला माणूस कधी बसवायचा?" मी कौटिल्याचं उत्तर दिलं, चार वर्षं पूर्ण होऊ द्या. त्यांना ते फारसं आवडलेलं नाही.